बारा पॉवर कॉर्ड काढणाऱ्या दादांना

रात्रपाळीच्या दादा, सप्रेम नमस्कार.

त्या शनिवारी रात्री महापेच्या डेटा सेंटरमध्ये तुम्हाला पुण्याहून फोन केला, ती मी. मॅनेजमेंट नेटवर्कवर मी सुरक्षा तपासणीचं स्कॅन लावलं आणि दहा मिनिटांत सहा सर्व्हरचे बीएमसी, म्हणजे सर्व्हरवर दुरून नजर ठेवायला आणि तो बंद-चालू करायला त्याच्या आत बसवलेले छोटे स्वतंत्र संगणक, गप्प झाले. लॉगिनचं पान उघडेना, कन्सोल मिळेना, पिंगलाही उत्तर नाही. त्या सर्व्हरवर एका रुग्णालयाच्या लॅबचे रिपोर्ट होते. मी घाबरून म्हणाले, "दादा, सगळे बंद करून चालू करा."

तुम्ही ऐकलं नाहीत, हे माझं नशीब. आधी रॅकपाशी जाऊन दिवे बघितलेत आणि म्हणालात, "ताई, सर्व्हर चालू आहेत. त्यांचा राखणदार तेवढा झोपलाय."

मग तुम्ही 2014 ची गोष्ट सांगितलीत. हार्टब्लीड या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरमधल्या गंभीर सुरक्षा दोषाच्या धास्तीनं त्या एप्रिलमध्ये जो तो स्कॅन करत सुटला होता. एचपीच्या सर्व्हरमधल्या बीएमसीला, म्हणजे जुन्या आयएलओ 2 ला, हार्टब्लीडचा धोका नव्हता, पण नुसत्या त्या तपासणीनं ते गोठायचं. त्या दोषाला सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीत (सीव्हीई) सीव्हीई-2014-2601 हा क्रमांक मिळाला. सर्व्हर नीट चालत राहायचा, आयएलओ मात्र वीज पूर्ण तोडल्याशिवाय परत यायचं नाही. आमची मशीन वेगळ्या कंपनीची, तरी लक्षण तेच, हे तुम्ही लगेच ओळखलंत.

सर्व्हर बंद केला तरी बीएमसी स्टँडबाय विजेवर जागाच असतो, म्हणून पॉवर बटणानं भागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. सर्व्हरच्या आतून रीसेटची आज्ञा देऊन पाहिली, तीही अडकली. मग मी एकेक सर्व्हर एसएसएचवरून, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीवरून, शांतपणे बंद करायचा, तुम्ही मागच्या दोन्ही कॉर्ड काढायच्या, स्टँडबायचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि परत लावायच्या. पुढच्याला हात लावण्याआधी लॅबचं सॉफ्टवेअर उघडतंय ना, हे प्रत्येक वेळी मला विचारत होतात. सहावा परत दिसला तेव्हा पहाटेचे सव्वाचार झाले होते. तुमचा डबा तसाच राहिला होता.

फोन ठेवताना म्हणालात, "बीएमसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग भागात) टाका, आणि फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं पुढं ढकलू नका." दोन्ही केलं. मार्च 2025 मध्ये एएमआय या कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली सीव्हीई-2024-54085 ही त्रुटी जाहीर झाली. तिच्यातून पासवर्डशिवाय आत शिरून सर्व्हरला न संपणाऱ्या रीबूटमध्ये अडकवता येतं. जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांच्या यादीत घातली. ती बातमी वाचताना आमच्या बीएमसीपर्यंत बाहेरून वाटच नव्हती. तुमच्यामुळे.

टिकिटावर तुम्ही "कॉर्ड काढून लावल्या" एवढंच लिहिलंत. बाकीचं कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणून हे पत्र. मनापासून आभार, दादा.

तुमची,
पुण्याची ताई