तो पाणढेकूण आई नाही, बाप आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर अंडी असलेला पाणढेकूण (डबक्या-तळ्यांत राहणारा किडा) कोरड्या दगडावर ठेवून काढलेला एक फोटो सध्या आमच्या यावल-रावेर भागात मोबाइलवर फिरतोय. ‘आई ती आईच’ म्हणून लोक तो पुढे पाठवताहेत. मुळात ती आई नाही, बाप आहे. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढे अंडी फुटेपर्यंत सगळं त्यालाच बघावं लागतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि किड्यांचे फोटो काढते. गावाबाहेरच्या पाझर तलावात हा नर मी कितीदा पाहिला आहे. पाठ पाण्याच्या वर काढून तो अंड्यांना हवा देतो, मग खाली जातो, मागच्या पायांनी त्यांच्यावरून पाणी खेळवतो. अंडी वाळली तरी मरतात, सतत बुडून राहिली तरी मरतात. शिवाय ती पंखांवरच चिकटलेली, त्यामुळे डबकं आटलं तरी त्याला उडून जाता येत नाही. एकदा माझ्यासमोर पिलू बाहेर आलं. फिकट, अगदी आरपार दिसेल असं, डोळे तेवढे ठळक. तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून मी नुसती बघत बसले.

अशा बापाला उन्हात दगडावर ठेवायचं कशासाठी? तो श्वास घ्यायला वर येतोच. सकाळी काठाशी पालथं पडायचं, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पाण्याची चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावायचा आणि वाट बघायची. फोटो मिळतो.

पानामागे अंड्यांवर बसणाऱ्या काही ढालकिड्यांच्या (ढालीसारख्या पाठीच्या किड्यांच्या) माद्यांचंही तेच. मुंगी ज्या बाजूने येईल त्या बाजूला ती मादी अंग कलतं करून अंडी झाकते. चांगल्या उजेडासाठी कुणी ते पान खुडतं, मादी खाली पडते आणि अंडी मुंग्यांना मोकळी होतात. पाल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असं पान खुडताना मी स्वतः पाहिलं, बोललेही. ‘किडाच तर आहे’ असं उत्तर मिळालं.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांचे फोटो येतात. माझी कळकळीची विनंती आहे की, फोटो मागवताना किडा जागेवरून हलवला होता का, हे विचारावं आणि अंड्यापिलांसह हलवलेल्या किड्याचा फोटो, कितीही देखणा असला तरी, छापू नये.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, ता. यावल, जि. जळगाव