घोणस चावल्यापासून आजपर्यंतच्या सगळ्यांना

भातकापणीत घोणस चावली तेव्हा सगळ्यात आधी माझी जोडवी आणि पैंजण उतरवणारी बाई कोण होती, मला माहीत नाही. दुसऱ्या टोळीतली असावी. कोणी ब्लेड आणलं, कोणी दोरी. तिने दोघांनाही दटावून परत पाठवलं. सुजलेल्या पायातून ती जोडवी पुढे कापूनच काढावी लागली असती. माउली, तुमचे उपकार कसे फेडू? टेम्पोत माझा पाय हलू न देता धरून बसलेल्या पोरांचेही आभार.

दवाखान्यात सिस्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं तसंच ठेवलं आणि मग नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच सलाईनमधून लस सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी ही लस घोड्यांच्या रक्तापासून करतात. त्यासाठी लागणारं विष तामिळनाडूतले इरुळा लोक साप धरून काढतात. त्यांचे आभार, आणि हो, घोड्यांचेही!

डायलिसिसने किडन्या सावरल्या. पायाला मांडीची कातडी लावली, पण घोटा अजून वाकत नाही. उकिडवं बसणं बंद, म्हणजे भाताची लावणीही बंद. व्यायाम करून घेणाऱ्या ताईंना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मी परत घेते.

आणि आमचं राहिलेलं भात कापून, झोडून, पोती ओटीवर आणून ठेवणारे कोण? विचारलं की सगळे शेजारी विषय बदलतात.