थंड बशीवरचा थेंब : एका पाककारागीर काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मागच्या डिसेंबरात भांडी बाजारातल्या एका दुकानात मी जाड बुडाचे पातेले पाहत होते, आणि कल्हईला दिलेले आपले पितळी पातेले नेण्यासाठी आपण तिथे आला होता. गुळाचा पाक दोनदा बिघडला, तेव्हा भांडेच बदलावे म्हणते, असे मी दुकानदाराला सांगत असताना आपण मध्येच म्हणालात, "ताई, भांड्यावर कशाला आळ घेता? पाक कुठे थांबवता ते सांगा." ज्यांनी 40 वर्षे जिलेबीच्या पाकाकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले, त्यांचा हा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पातेले न घेताच मी घरी आले. पुढच्या रविवारी आपण पंचवटीतून आमच्या घरी येऊन दोन तास शेगडीपाशी उभे राहिलात, चहाखेरीज काही घेतले नाहीत आणि मी आभार मानण्याआधीच जिना उतरलात. त्या दिवशी राहून गेलेले आभार आज सर्वांसमक्ष मानत आहे, कारण माझ्यासारखीच चूक आणखी कितीतरी स्वयंपाकघरांत होत असणार.

आमच्या दोन्ही मुलींना सकाळी धिरडी आणि आंबोळ्या आवडतात, पण सोबत काहीतरी गोड, ओघळणारे हवे असते. बाजारातल्या तयार सिरपच्या बाटलीवरची यादी वाचली, तर साखरेचा पाक, रंग आणि कृत्रिम स्वाद यांपलीकडे तीत फारसे काही नव्हते. म्हणून मसाला घातलेला गुळाचा पाक घरीच करायचे ठरवले. पहिल्या वेळी एका परदेशी कृतीत दिलेले तापमान तापमापकावर अचूक गाठले, आणि चार दिवसांत बाटलीच्या तळाशी खडे धरून पाकाचा पुन्हा गूळ झाला. दुसऱ्या वेळी भीतीने लवकर उतरवला, तर आठवड्याने झाकण उघडताच फस्सकन आवाज आला. पाक आंबला होता. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, हे आपण पहिल्या पाच मिनिटांत सांगितले.

गूळ पाहताच आपण माझी पिवळीधमक ढेप बाजूला सारली आणि सोबत आणलेला काळसर, मऊ गूळ पुढे केला. इतका उजळ रंग बहुधा रसायनाने आणलेला असतो, हे आपण समजावले. अर्धा किलो गुळाला दीड वाटी पाणी आपण मोजून घेतले, पण गूळ लगेच घालू दिला नाही. आधी नुसत्या पाण्यात दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, चार लवंगा आणि ठेचलेला सुंठीचा खडा मंद आचेवर दहा मिनिटे उकळवला, कारण दाट पाकात मसाल्याचा अर्क तितका उतरत नाही. दालचिनीची पूड घालू का, असे विचारल्यावर आपण पूड कालवलेल्या पाण्याचा एक चमचा माझ्या हातावर ओतलात. ते पाणी बुळबुळीत लागले, आणि माझा पहिला पाक तारेसारखा का लोंबत होता तेही उमगले.

मग गूळ विरघळवून सगळे मलमलच्या फडक्यातून गाळले. लवंगा पाकात राहिल्या तर दिवसागणिक उग्र होत जातात, म्हणून त्याही तिथेच निघाल्या. फडक्यावर उरलेले उसाच्या चिपाडाचे तंतू आणि बारीक काळी वाळू मी आजवर कितीदा खाल्ली असेल, या विचाराने मला खरोखर वाईट वाटले. गाळलेल्या रसात एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून तो पुन्हा आचेवर ठेवला. आंबटपणामुळे उसातल्या साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि मग खडे सहज धरत नाहीत, हे मी नंतर वाचले, आपण मात्र एवढेच म्हणालात, "लिंबू असलं की पाक साखरत नाही."

यानंतरचे आपण शिकवलेले मला सर्वांत मोलाचे वाटते. कोरडी स्टीलची बशी आपण आधीच फ्रिजमध्ये ठेवायला लावली होती. पाकाचे मोठे बुडबुडे लहान आणि दाट झाले, तेव्हा तिच्यावर एक थेंब टाकून बशी तिरकी केलीत. पहिला थेंब पाण्यासारखा पळाला. चार मिनिटांनी दुसरा सावकाश सरकला आणि त्याच्या मागे पातळ, चकचकीत वाट राहिली. त्याच क्षणी आपण गॅस बंद केलात. बोटांत तार दिसली की जिलेबीचा पाक झाला, पण नाश्त्याचा पाक तार येण्याआधीच थांबवायचा, कारण थंड झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. साधारणपणे 100 ग्रॅम पाकात 65 ते 67 ग्रॅम साखर असावी. कमी असेल तर तो आंबतो, जास्त असेल तर गार होताना खडे धरतो. आपल्या बशीवरचा थेंब नेमकी हीच सीमा दाखवतो.

माझा तापमापक का चुकला, हेही त्यानंतर कळले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे समुद्रकाठच्या हिशेबाने लिहिलेला आकडा गाठेपर्यंत आपल्याकडचा पाक पुढे निघून जातो. शिवाय साखर थंडीत कमी विरघळते, आणि मी बाटली ठेवली होती ती खिडकीत, जवळच्या निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत होत्या त्याच आठवड्यात.

पातेले उतरवल्यावर, वाफ जरा बसल्यावर, आपण आठ वेलदोड्यांची ताजी पूड आणि किसलेले चिमूटभर जायफळ घातलेत. वेलचीचा वास आचेवर उडून जातो, तो असा टिकला. उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटलीत कोमट होण्याआधीच पाक भरला, आणि ओला चमचा आत घालायचा नाही, अशी ताकीद आपण मुलींना दिलीत. धाकटी ती आजही थोरलीला ऐकवते.

तेव्हापासून सात वेळा पाक केला, एकदाही बिघडला नाही. तांदळाच्या धिरड्यावर तो जाळीत हळूहळू मुरतो आणि कडेला तुपाशी मिळतो, तेव्हा सुंठीचा तिखटपणा आधी लागतो आणि वेलची मागून येते. मे महिन्यात मात्र थेंब थोडा दाट सरकू द्यावा की नेहमीसारखाच ठेवावा, याचा मला अजून निर्णय करता आलेला नाही. या पत्रासोबत सातव्या वेळचा पाक पाठवत आहे. आपण तो बशीवर टाकून पाहावा आणि काही चुकले असल्यास मोकळेपणाने सांगावे. येत्या रविवारी काकूंना घेऊन धिरडी खायला यावे. बशी फ्रिजमध्ये ठेवलेली असेल.

आपली ऋणी,
भांडी बाजारात पातेले न घेता परतलेली ताई