पाच खून, सहा निर्दोष आणि अनुत्तरित राहिलेला तपास : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या हत्याकांडात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी दिलेल्या आदेशांची अंमलबजावणी

माननीय महोदय,

५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतात राहणाऱ्या एका कुटुंबाच्या झोपडीत दरोडेखोर शिरले. घरातील पैसे आणि दागिने लुटून ते थांबले नाहीत. त्यांनी दोघींवर अत्याचार केले आणि पाच जणांना ठार मारले. त्या रात्रीतून घरातील आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पुढे याच दोघांच्या साक्षींवर खटला उभा राहिला, म्हणून हे पत्रही त्यांच्यापासूनच सुरू करणे मला योग्य वाटते.

पोलिसांनी सहा जणांना अटक केली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर २०१२ साली निष्पन्न झाले. ज्याला कायद्याने फाशी देताच येत नव्हती, त्याच्या शिक्षेवर तीन न्यायालयांनी विचार केला आणि त्याच्या वयाचा दाखला मात्र वेळेवर कोणी तपासला नाही. याच २०१२ मध्ये चौदा माजी न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून चुकीच्या आधारावर दिलेल्या काही फाशी रद्द करण्याची विनंती केली होती. त्यांत हा खटलाही होता.

अखेर फेरविचार याचिकांवर खुल्या न्यायालयात सुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. त्या निकालातील एक बाब आपण स्वतः वाचावी, अशी माझी विनंती आहे. घटनेनंतर दोनच दिवसांनी, जखमा ताज्या असताना, त्या आईला पोलिसांच्या दप्तरातील सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवण्यात आले आणि तिने त्यांतून चार जणांना ओळखले. ते चौघे या सहांपैकी नव्हते. तरीही त्या चौघांच्या दिशेने तपास पुढे गेला नाही आणि खटला चालला तो दुसऱ्याच सहा जणांवर. ज्या साक्षीदाराच्या शब्दावर पोलिसांनी फाशी मागितली, त्याच साक्षीदाराने सर्वांत आधी जे सांगितले ते बाजूला ठेवण्यात आले.

हे सहाही जण भटक्या जमातीतील, मोलमजुरी करणारे होते. त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने निकालात नोंदवले आहे. महोदय, १८७१ च्या ज्या कायद्याने संपूर्ण जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तांड्यांवर आणि पालांवर आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. चोरी झाली की आधी पालावर जायचे, ही सवय मात्र त्या कायद्याबरोबर गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले, याचा अर्थ तो प्रश्न न्यायालयालाही जुना वाटत नाही.

न्यायालयाने सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. सोळा वर्षांनी भागले तर ती महिन्याला २६०० रुपयांच्या आसपास पडते; हा हिशेब मी कुचेष्टेने केलेला नाही, पण तो एकदा कागदावर मांडून पाहावा असा आहे. माझा मुख्य प्रश्न भरपाईचा नाही. तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन तीन महिन्यांत खात्यांतर्गत कारवाई करावी, असे न्यायालयाने गृह विभागाला सांगितले होते आणि आईने ओळखलेल्या चार जणांबाबत पुढील तपास करण्याचेही निर्देश दिले होते. पहिली जबाबदारी आपल्या खात्याची आहे आणि दुसरीही आपल्याच खात्याची आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांची भेट बंधनकारक करण्याचे ठरवले आहे आणि झडतीचे चित्रीकरणही आवश्यक केले आहे. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु नाशिकच्या खटल्यात हाती पुरावा नव्हता अशातला भाग नाही. एका बाईने दिलेला पुरावा होता आणि तो वापरला गेला नाही. पुण्यात १९९४ साली घरात घुसून केलेल्या सात खुनांच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये, त्याने अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढल्यावर मान्य झाले. दोन्ही खटले याच राज्यातले आहेत. साधी कागदपत्रे वेळेवर पाहिली गेली असती, तर दोन्ही ठिकाणी फाशीची शिक्षा टळली असती.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की २०१९ च्या आदेशानुसार कोणत्या अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई झाली आणि त्या चौघांबाबतचा तपास कुठवर गेला, याचे निवेदन आपण विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे आणि त्याची प्रत त्या आईला व तिच्या मुलाला स्वतंत्रपणे पाठवावी.

आपला नम्र,
नाशिक जिल्ह्यातील एक नागरिक