एल्कची शिकार आणि वाटाड्याची सक्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील शिकार म्हणजे धनिकांची चैन, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. वायोमिंग राज्याच्या डोंगरातील एल्क या मोठ्या हरणाची शिकार मात्र घाम काढणारी असते. तेथील राखीव ‘विल्डरनेस’ क्षेत्रात परराज्यातील शिकाऱ्याला परवानाधारक वाटाड्या किंवा परवाना घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय एल्क मारता येत नाही. हा नियम वाटाड्यांच्या धंद्याच्या सोयीचा आहे, ही टीका मला पटते. कारण त्याच रानात नुसते भटकायला आलेल्याला एकट्याने हिंडण्यास कोणी अडवत नाही. तरीही ३,००० मीटर उंचीवर धाप लागलेली असताना, वारा फिरला की माणसाचा वास लागून कळप बघता बघता दरीपार होतो, आणि ३०० किलोंचा नर जागेवरच सोलून, मांड्या-फऱ्या सुट्या करून खेचरांवर दोन्ही बाजूंना समतोल लादायचा असतो, तेव्हा जाणत्या माणसाचे मोल कळते. खाण्याजोगे मांस रानात टाकणे तेथे गुन्हा आहे. शिवाय १९३७ च्या संघीय कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरील ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आपल्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची शिकारबंदी योग्यच आहे. पण तो निराळा मुद्दा.

– एक वाचक, डेन्व्हर