टेम्सकाठची पांढरी

लंडन, रविवार

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विचारलंत, "सुट्टीला करतेस तरी काय?" शेजारी आजी होती म्हणून बोलले नाही. चिखलात खापरं बघत हिंडते. आपल्या तेर गावच्या पांढरीवर, त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेला की तुम्ही मान खाली घालून मणी हुडकायचात ना, तसंच. इथे पावसाऐवजी ओहोटीची वाट बघायची. समुद्र एवढा लांब, तरी टेम्सचं पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं आणि दिवसातून दोनदा काठ उघडा पडतो.

पण दिसलं की टाकलं खिशात, असं चालत नाही. बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. ३०० वर्षांहून जुनं काही मिळालं तर संग्रहालयातल्या माणसांना दाखवायचं. परवाना आहे तो ऑफिसातल्या एका बाईंकडे. मी नुसती त्यांच्यामागून पिशवी धरून. वॅपिंगच्या पायऱ्यांवर शेवाळावरून अशी घसरले की विचारू नका. (आजीला वाचून दाखवताना हे गाळा.)

सर्वांत जास्त सापडतात ते तंबाखू ओढायचे मातीचे पाइप. आपल्या चिलमीला लांब दांडी जोडली तर दिसेल तसे. दांड्यांचे तुकडे तर खडूसारखे विखुरलेले. बाईंनी पाइपची एक वाटी, तंबाखू भरतात ती, माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात करंगळीही जाईना! तंबाखू नवा होता तेव्हा महाग, म्हणून वाटी एवढीशी. स्वस्त झाला तशा वाट्या वाढल्या. आत काजळी अजून होती.

आणि एकदा चक्क पितळी निरांजन. मी ओरडलेच! बाई शांतपणे म्हणाल्या, नारळ, गणपती हे तर इथे नेहमीचं. इथल्या आपल्या लोकांना गंगा म्हणून टेम्सच जवळची.

गावातही असेच थरावर थर. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. फ्रान्समधून जीव वाचवून आलेल्या प्रोटेस्टंटांनी १७४३ मध्ये प्रार्थनाघर म्हणून बांधलेली. पुढे ती मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली, १९७६ पासून बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या बंगाल्यांची मशीद. वर सूर्यघड्याळावर लॅटिनमध्ये कोरलंय, "आम्ही सावली आहोत." ते कुणीच पुसलं नाही.

हॅकनीत एक घर बघितलं. साहेबांची पोरं सांभाळत बोटीने आलेल्या कित्येक आया इथे पोचल्यावर कामावरून सुटायच्या, परतीचं तिकीट नाही. त्यांच्यासाठीचा आसरा होता तो. २०२२ मध्ये भिंतीवर स्मरणाची निळी पाटी लागली. नदीत साहेबाचा पाइप सापडतो, बटण सापडतं. या बायकांचं काय सापडणार?

बाई रोमन खापरांचं फार कौतुक करतात. मी म्हटलं, रोमनांनी हे शहर वसवलं त्याच शतकात आमच्या तेरचं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाऊन समुद्रापार चाललं होतं! विश्वास बसेना, तेव्हा मोबाईलवर तेरच्या लामतुरे संग्रहालयाचे फोटो दाखवले. गप्पच झाल्या.

मग त्यांनी विचारलं, तुझ्या आजोबांनी कुठला मणी कुठे सापडला हे लिहून ठेवलंय का? तेव्हा आप्पा, बिस्किटांच्या डब्यातले मणी बंटीला गोट्या म्हणून देऊ नका. दिवाळीला येते तेव्हा वही घेऊन बसू. तुम्ही सांगा, मी लिहिते.

आजीला नमस्कार.

तुमची,
नात