एरर कोड न वाचता दिलेल्या उत्तरांबाबत तक्रार

दिनांक : ४ मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (ई-मेल होस्टिंग)

विषय : १५ फेब्रुवारीच्या सर्व्हर बदलानंतर आमचे ई-मेल परत येणे आणि त्यांवरील एरर कोडकडे आपल्या विभागाने केलेले दुर्लक्ष.

महोदय,

पिंपळगाव बसवंत परिसरातून द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसचे कार्यालयीन काम मी पाहते. गेली सहा वर्षे आमच्या डोमेनची (इंटरनेटवरील आमच्या नावाची) ई-मेल सेवा आपल्याकडे आहे आणि एवढ्या काळात तक्रार करण्याची वेळ फारशी आली नव्हती, हे प्रथम नमूद करते. जानेवारी ते एप्रिल हा आमचा हंगाम. पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याची) प्रत, बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर माल चढवल्याच्या दस्तऐवजाचा) मसुदा ही सगळी कागदपत्रे या दिवसांत ई-मेलनेच जातात. माल न्हावा शेव्याहून निघून नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात पोहोचेपर्यंत खरेदीदाराच्या हाती कागद पडले नाहीत, तर कंटेनर बंदरात अडकतो. आणि द्राक्ष हा काही थांबवून ठेवता येण्यासारखा माल नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी रोजी रात्री आपण आमची खाती नव्या सर्व्हरवर हलवलीत. त्याआधी आलेल्या सूचनेत ‘ग्राहकांना काहीही करावे लागणार नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. सोमवारी सकाळी बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यातील कंटेनरच्या सील क्रमांकाचा एक अंक चुकल्याचे लक्षात आले, म्हणून मी आमच्या क्लिअरिंग एजंटला (सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्याला) दुरुस्ती पाठवली. ही दुरुस्ती त्यांना आमच्या अधिकृत ई-मेलवरूनच लागते, कारण तीच पुढे शिपिंग लाइनला दाखवायची असते. त्यांचा पत्ता जीमेलचा आहे. मेल मिनिटाभरात परत आला आणि आपल्या कंट्रोल पॅनेलवर एवढेच दिसले : ‘संदेश पोहोचवता आला नाही. कृपया पत्ता तपासा.’

मी पत्ता तपासला. आपल्या प्रतिनिधींना फोन केला, तेव्हा त्यांनी तो मला एकेक अक्षर करून वाचायला लावला आणि मी तो दोनदा वाचून दाखवला. याच पत्त्यावर सहा वर्षांत शेकडो मेल गेले आहेत, हेही सांगितले. तरीही माझ्या तक्रारीच्या तिकिटावर (नोंदीवर) ‘प्राप्तकर्त्याचा पत्ता चुकीचा’ असा शेरा मारून ते बंद करण्यात आले. पलीकडच्या सर्व्हरने दिलेले मूळ उत्तर मला पाठवा, अशी लेखी मागणी मी तीनदा केली. ते २० फेब्रुवारीला, म्हणजे चौथ्या दिवशी, मिळाले.

त्या उत्तराच्या सुरुवातीलाच ५५० ५.७.२६ असा कोड होता. माझी मुख्य तक्रार या एका ओळीविषयी आहे, म्हणून तिचा अर्थ सविस्तर लिहिते. हे कोड गूढ नाहीत. तीन अंकी कोडमधला पहिला अंक २ असेल तर मेल स्वीकारला गेला, ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, आणि ५ असेल तर नकार कायमचा आहे, म्हणजे तोच मेल जसाच्या तसा पुन्हा पाठवून काहीही उपयोग नाही. ही रचना १९८२ सालच्या ई-मेल पाठवण्याच्या मानकापासून चालत आली आहे. त्यापुढचा ठिपक्यांचा कोड अधिक नेमका असतो. त्यातला मधला आकडा १ असेल तर गडबड पत्त्यात असते, २ असेल तर समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये, ७ असेल तर सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने मेल नाकारलेला असतो. पत्ता खरोखर चुकला असता तर ५.१.१ आले असते. आले होते ५.७.२६. अडचण पत्त्यात नसून सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणात आहे, हे त्या मधल्या ७ वरूनच कळत होते. ज्या कंपनीचा व्यवसायच ई-मेलचा आहे, तिच्या प्रतिनिधीने तो आकडा न पाहता ग्राहकाला पत्त्याचे स्पेलिंग विचारत बसावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

कोडच्या पुढे कारणही लिहिलेले होते : पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही, डीकेआयएम (मेलवरील डिजिटल स्वाक्षरीच्या) तपासणीत अनुत्तीर्ण, एसपीएफ (मेल पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीच्या) तपासणीत अनुत्तीर्ण, आणि सोबत एक आयपी पत्ता (इंटरनेटवर सर्व्हर ओळखण्याचा क्रमांक). तो आपल्या नव्या सर्व्हरचा होता. आमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत मात्र आपणच पूर्वी दिलेला जुना आयपी होता. म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणाला, याची जी यादी आम्ही जाहीर केली आहे, तिच्यात आपला नवा सर्व्हर नव्हताच. तो बदल करायला हवा, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. उलट ‘काहीही करावे लागणार नाही’ असे सांगितले गेले.

एवढ्यावरही मेल अडला नसता. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे आमच्यासारख्या थोडे मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तपासणी उत्तीर्ण झाली तरी पुरते. आमच्या योजनेत डीकेआयएमची स्वाक्षरी समाविष्ट आहे आणि तिचे पैसे आम्ही भरतो. पण स्वाक्षरी करणारी खाजगी की (गुप्त डिजिटल किल्ली) नव्या सर्व्हरवर नेलीच गेली नाही. ही चूक सर्वस्वी आपल्याकडची आहे, आणि २४ फेब्रुवारीच्या फोनमध्ये आपल्या तांत्रिक विभागाने ती मान्य केली आहे.

दुरुस्ती म्हणून जे सांगितले गेले, त्याने प्रकरण आणखी चिघळले. आपल्या प्रतिनिधींनी नव्या आयपीसाठी एसपीएफची आणखी एक नोंद घालण्यास सांगितले आणि मी ती विश्वासाने घातली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असू शकते. दोन सापडल्या की तपासणारा सर्व्हर त्यांतली कोणतीच धरत नाही आणि निकाल कायमची त्रुटी म्हणून देतो. तोवर रॉटरडॅमच्या खरेदीदाराकडे मेल निदान पोहोचत तरी होते. त्यानंतर तेही त्यांच्या जंक फोल्डरमध्ये पडू लागले. शेवटी मी स्वतः मानक वाचले, दोन्ही नोंदींतला मजकूर एका ओळीत एकत्र केला, आणि काही तासांनी मेल जाऊ लागले. हे काम माझे नव्हते.

आणखी दोन प्रसंग थोडक्यात लिहिते. एका नव्या खरेदीदाराच्या सर्व्हरने ४५१ ४.७.१ हे उत्तर दिले होते. आपला नवा आयपी त्यांच्या ओळखीचा नसल्याने त्यांनी ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगितले होते, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी पुन्हा प्रयत्न करणे हे आपल्या सर्व्हरचे काम आहे, आणि २००८ च्या मानकानुसार त्याने किमान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत अशी अपेक्षा असते. आम्हाला मात्र ‘पुन्हा पुन्हा पाठवत राहा’ असे सांगण्यात आले. परिणामी रांगेत साचलेले सगळे मेल नंतर एकदम पोहोचले आणि त्या खरेदीदाराला एकाच कंटेनरचे इन्व्हॉइस पाच वेळा मिळाले. पाचपैकी कोणते ग्राह्य धरायचे, असे विचारणारा त्यांचा मेल मी सोबत जोडला आहे.

दुसरा प्रसंग २७ फेब्रुवारीचा. या वेळी ५५४ ५.७.१ आला आणि त्यात आपला सामायिक आयपी काळ्या यादीत (नको असलेले मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीत) असल्याचे लिहिले होते. यादीचे नाव आणि नोंद पाहण्याचा दुवाही त्याच उत्तरात होता. त्या आयपीवरून आपले इतर अनेक ग्राहक मेल पाठवतात आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी वागण्याची किंमत आम्ही मोजली. यादीतून नाव काढून घेणे आम्हाला शक्य नाही, कारण तो आयपी आपला आहे. यावर आलेले उत्तर होते : ‘ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा.’

सील क्रमांकाची दुरुस्ती वेळेत न पोहोचल्याने आम्हाला शिपिंग लाइनचे दुरुस्ती शुल्क भरावे लागले. त्याची पावती सोबत आहे आणि ती रक्कम आपण भरून द्यावी, अशी आमची मागणी आहे. १५ फेब्रुवारीपासून आजपर्यंतचे सेवाशुल्कही परत मिळावे. पैशांपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की परत आलेल्या प्रत्येक मेलसोबत पलीकडच्या सर्व्हरचे संपूर्ण उत्तर कंट्रोल पॅनेलवर जसेच्या तसे दिसले पाहिजे. ‘पत्ता तपासा’ हे आपले वाक्य त्याच्या जागी लावून आपण आमच्यापासून कारणच लपवता. ग्राहक सेवेतील व्यक्तीने तो कोड वाचल्याशिवाय तिकीट बंद करू नये, आणि यापुढे सर्व्हर किंवा आयपी बदलायचा असेल तर कोणती नोंद कशी बदलावी, हे किमान १५ दिवस आधी लेखी कळवावे.

आमच्या सेवेचे नूतनीकरण ३१ मार्चला आहे. हंगाम ऐन भरात असताना दुसरीकडे जाणे आम्हालाही सोयीचे नाही. तरीही २० मार्चपर्यंत प्रत्येक मुद्द्यावर लेखी उत्तर न आल्यास आम्ही नूतनीकरण करणार नाही. उत्तर ई-मेलने आणि टपालाने अशा दोन्ही मार्गांनी पाठवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
कार्यालय प्रमुख
(ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)

सोबत : चालू वर्षाचे बिल, परत आलेल्या मेलवरील तीन सर्व्हर-उत्तरांच्या प्रती, बंद केलेल्या तिकिटांच्या प्रती, खरेदीदाराचा मेल, दुरुस्ती शुल्काची पावती.